पोलंडच्या जुन्या नाट्यपोस्टरांवर नटांचे फोटो का दिसत नाहीत?

कारण तिकीटविक्रीची फारशी चिंताच नव्हती. साम्यवादी राजवटीत नाट्यगृहं सरकारी पैशावर चालायची, त्यामुळे नटाचा चेहरा पुढे करायची गरज नसे. चित्रकार नाटकाचा गाभा आपल्या पद्धतीने मांडायचा. (सेन्सॉर होताच, पण रूपकं त्याच्या तावडीतून बऱ्यापैकी निसटायची.)

यान लेनित्साचं १९६४ चं ‘वोझेक’ या ऑपेराचं पोस्टर बघाच. लाल वलयांवर वलयं आणि मधोमध किंचाळणारं उघडं तोंड, बस्स! फ्रांचिशेक स्तारोव्हेय्स्की तर अवलियाच. सहीसोबत तीनशे वर्षं मागचं साल टाकायचा, म्हणजे १९७० ऐवजी १६७०. मोजक्या रेषांत खेळ करणारा हवा असेल तर हेन्रिक तोमाशेव्स्की शोधा. माझा कौल त्यालाच. मूळ पोस्टरं वॉर्सातल्या विलानुफ भागातल्या पोस्टर संग्रहालयात आहेत.