पालीची भीती आणि दहादा धुतलेलं ताट : मुलांच्या ओसीडीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. पाल शिवली असेल, विष लागलं असेल, या भीतीने ती दिवसभर हात धुते. हाताला भेगा पडल्यात. ताट मी तिच्यासमोर पुन्हा धुऊन दिलं तरच जेवते. 'आई, पाल शिवली नाही ना?' हे रात्रीपर्यंत चालू असतं. पालीला विष नसतं हे शंभरदा समजावलं. सासूबाई म्हणतात, स्वच्छतेची आवड आहे, वाढली की सुटेल.

उत्तर : आवडीने हात धुणाऱ्याच्या हाताला भेगा पडत नाहीत. हा ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर : नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) असण्याची दाट शक्यता आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून निदान करून घ्या.

समजावणं का चालत नाही? 'नाही शिवली' म्हटलं की तिला पाच मिनिटं बरं वाटतं, आणि मेंदू नेमका चुकीचा धडा घेतो : आईने सांगितलं म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळी पुन्हा विचारावं लागतं. धुतलेलं ताट हेच करतं. पालीला विष नसतं हे तिलाही ठाऊक आहे. माहितीची उणीव इथे नाहीच.

यावर सर्वांत भक्कम पुरावा असलेला मानसोपचार म्हणजे ईआरपी, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि त्यानंतरची धुण्याची क्रिया करायची नाही. थेरपिस्ट मुलीसोबत एक शिडी आखतात आणि प्रत्येक पायरीला ती स्वतः ० ते १० गुण देते. तिच्या बाबतीत ती साधारण अशी असू शकेल : पालीचं चित्र बघणं ३, ट्यूबलाइटखालच्या भिंतीला हात लावणं ५, त्याच हाताने पुस्तक, मग उशी धरणं ६, मांडणीवरचं ताट न धुता घेऊन जेवणं ८. सुरुवात तीन-चार गुणांपासून करायची. पायरी करण्याआधी विचारायचं, 'काय होईल असं वाटतंय?' नंतर विचारायचं, 'काय झालं?' भीती शून्यावर यायलाच हवी असं नाही. ती असतानाही हात न धुता राहता येतं, हे अनुभवाला येणं महत्त्वाचं. एक पायरी रोज, वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या वेळी करायची. आठवड्यातून एकदा दवाखान्यात केलेला सराव घरी टिकत नाही.

गाडी अडते ती बहुधा छुप्या पळवाटांपाशी. भिंतीला हात लावला, पण फक्त एका बोटाने. नंतर हात फ्रॉकला पुसला. मनात जप केला. 'आईने लावायला सांगितलं, म्हणजे काही होणार नाही' अशी समजूत घातली. हे सगळं धुण्याचंच काम करतं. दुसरी चूक मोठ्यांची : चिडून नळ बंद करणं, बाथरूमला कडी घालणं. ही जबरदस्ती झाली, उपचार नव्हे. त्यानंतर मूल शिडीच्या जवळ येत नाही. जेवणापूर्वी आणि शौचानंतर एकदाच, २० सेकंद साबणाने हात धुणं मात्र चालूच राहील.

तुमचा वाटा वेगळा आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी आखलेली 'स्पेस' पद्धत फक्त पालकांसोबत चालते. त्यातली ही रीत घ्या : शांत वेळी मुलीला सांगून एकच गोष्ट थांबवायची. समजा, सोमवारपासून ताट पुन्हा धुणार नाही. ती विचारेल तेव्हा एकच वाक्य : 'तुला भीती वाटतेय हे कळतंय, आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे.' पुढे वाद नाही. पहिले काही दिवस रडारड वाढेल. चौथ्या दिवशी तुम्ही किंवा आजीने गुपचूप ताट धुतलं, तर जास्त रडलं की काम होतं एवढंच ती शिकेल. म्हणून आजींना आधीच बरोबर घ्या. नाही तर सगळं मुसळ केरात.

प्रश्न : डॉक्टरांनी ओसीडीसाठी सर्ट्रालिन ही गोळी सुरू करू म्हटलंय. एवढ्या लहान वयात गोळ्या? आणि जन्मभर?

उत्तर : २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी 'पॉट्स' चाचणीत ७ ते १७ वयाची ११२ मुलं होती. १२ आठवड्यांनी लक्षणं जवळजवळ गेलेली मुलं अशी : ईआरपीवर आधारित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी) आणि सर्ट्रालिन एकत्र, सुमारे ५४ टक्के, नुसती सीबीटी ३९, नुसतं सर्ट्रालिन २१, औषध नसलेली खोटी गोळी ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून सौम्य-मध्यम त्रासात आधी थेरपी. त्रास तीव्र असेल किंवा भीतीमुळे मूल सरावच करू शकत नसेल, तर जोडीला गोळी. नुसत्या गोळीवर थांबणं आम्हाला पटत नाही.

गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता, झोपमोड होऊ शकते. सर्ट्रालिनच्या गटातल्या (एसएसआरआय) औषधांनी काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना जवळून लक्ष ठेवा. मूल असं काही बोललं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बरं वाटू लागल्यावर साधारण वर्षभर चालू ठेवून हळूहळू कमी करतात. एकदम बंद करू नये.

प्रश्न : सहा महिने समुपदेशन चालू आहे. मुलगा तिथे बोलतो, दीर्घ श्वसन करतो. हात धुणं तसंच आहे.

उत्तर : ओसीडीला श्वसन पुरत नाही. ५ ते ८ वयाच्या १२७ मुलांच्या चाचणीत कुटुंबासह ईआरपी केलेल्यांपैकी ७२ टक्के मुलं स्पष्ट सुधारली, श्वसनासारख्या शिथिलीकरणाच्या गटात ४१. समुपदेशकांना सरळ विचारा : शिडी केली का, या आठवड्याचा घरचा सराव कोणता, पालकांनी काय थांबवायचं, सुधारणा कोणत्या मापाने मोजता? उत्तरं मिळाली नाहीत, तर दुसरीकडे दाखवा. जवळपास कोणी नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीत बोलता येतं. पुढे कुठे जायचं ते तिथे विचारा.