यंत्र केसांखाली लपवून कान बरा होत नाही

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. ती तीन वर्षांची असताना तिचे कॉक्लिअर इम्प्लांटचे ऑपरेशन झाले, आता ती सर्वांसारखी ऐकते. भंवरकुआँला जेईईचे कोचिंग लावले आहे, पण दिवाळीपासून टेस्टचे गुण घसरले. घरी आली की मशीन काढून ठेवते, हाक मारली तरी ओ देत नाही. केस मोकळे ठेव म्हटले की भांडते. तिला वकील व्हायचे आहे. कोडिंगमध्ये बोलावे लागत नाही, तेव्हा कॉम्प्युटर ब्रँचच बरी ना? दिव्यांग प्रमाणपत्र काढलेले नाही, उद्या लग्नात अडचण नको. — एक वडील, इंदूर

उत्तर : घसरलेल्या गुणांपेक्षा आपल्या पत्रातल्या त्या मोकळ्या केसांनी मला अधिक अस्वस्थ केले. प्रोसेसरचा, म्हणजे यंत्राच्या बाहेर लावायच्या भागाचा, माईक कानामागेच असतो आणि त्यावर केस घासले की त्यांची खसखस मुलीच्या डोक्यात वाजते. म्हणजे लोकांना यंत्र दिसू नये यासाठी आपण तिला मिळणारा आवाजच खराब करून घेत आहात. तिला वेणी घालू द्या.

‘सर्वांसारखी ऐकते’ हा आपला समज मात्र सविस्तर खोडून काढायला हवा. इम्प्लांटने कान बरा होत नाही. प्रोसेसर आवाजाचे विद्युत संकेत करतो आणि अंतःकर्णात बसवलेले इलेक्ट्रोड ते थेट श्रवणतंतूंना देतात. निरोगी कानात हजारो केशपेशी (आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी) जे काम करतात, ते इथे कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोडांवर भागवावे लागते. शांत खोलीत समोरासमोर ती उत्तम बोलत असेल, परंतु शंभर मुलांच्या हॉलमध्ये, पंख्यांच्या घरघरीत, फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या सरांचे अर्धे वाक्य तिला तर्काने जुळवावे लागते. दिवसभर असे जुळवून दमलेली मुलगी संध्याकाळी डोक्याला चुंबकाने चिकटणारे ते यंत्र काढून ठेवते, तेव्हा तिला खरोखरच काही ऐकू येत नसते. त्याला आपण हट्ट म्हणता! सरांच्या कॉलरला लावायचा बिनतारी माईक मिळतो, तो तिच्या प्रोसेसरला जोडता येतो का, हे ऑडिओलॉजिस्टला याच आठवड्यात विचारा.

प्रमाणपत्राचा हक्क शस्त्रक्रियेने संपत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, शिवाय परीक्षेत जादा वेळ मिळतो. अजून न पाहिलेल्या व्याह्यांच्या भीतीने हे आपण आजच सोडून देत आहात. आणि मशीन लग्नापर्यंत लपवून ठेवण्याचा बेत असेल, तर ती होणाऱ्या जावयाचीही फसवणूक आहे, हे मी स्पष्टच सांगतो.

कोडिंगमध्ये बोलावे लागत नाही, हे आपल्याला कोणी सांगितले? तिथेही बराच वेळ ऑनलाइन मीटिंगांत जातो. उलट सारा सनी या कर्णबधिर वकील सप्टेंबर २०२३ मध्ये सांकेतिक भाषेच्या दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयापुढे ऑनलाइन हजर झाल्या. वकिलीचे मोठे काम कागद वाचण्याचे आणि लिहिण्याचे असते. बारावी कोणत्याही शाखेतून करून क्लॅट ही विधी शिक्षणाची प्रवेश परीक्षा देता येते, आणि भोपाळची राष्ट्रीय विधी संस्था तर आपल्या घरापासून चार तासांवर आहे.

तिला वकिलीच का हवी, याबद्दल आपल्या पत्रात एकही ओळ नाही. ते तिला विचारा, पण दिवसाचा थकवा उतरल्यावर, पंखा बंद करून, समोर बसून. आणि पुढचे पत्र मला तिच्या हातचे पाठवा.