कार्यालयातील सॉफ्टवेअर आणि त्यांचे परवाने : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचा यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचा कारखाना असून धरमपेठेतील कार्यालय आणि वाडीचे गोदाम धरून साठेक संगणक आहेत. एका सॉफ्टवेअर कंपनीने पत्र पाठवून तिची सॉफ्टवेअर आमच्याकडे किती संगणकांवर आहेत आणि परवाने किती आहेत, याचा तपशील मागितला आहे. मी लेखा विभागात काम करतो आणि ही जबाबदारी माझ्यावर आली आहे. विनापरवाना वाटणारी सॉफ्टवेअर आधी काढून टाकावीत का? मोजणी कशी करावी?

उत्तर : आधी काहीही काढू नका. पत्र आल्यानंतर घाईने सॉफ्टवेअर काढले, तरी त्याच्या खुणा संगणकात राहतात आणि उद्या वाद झाल्यास पुरावा नष्ट केल्याचा आरोप येऊ शकतो. प्रथम आहे त्या स्थितीची तारखेसह नोंद करा, ती वकिलांना दाखवा आणि कंपनीशी पत्रव्यवहार एकाच व्यक्तीच्या हातून होऊ द्या. विनापरवाना सॉफ्टवेअरचा वापर कधी आणि कसा थांबवायचा, हे त्यानंतर ठरवता येईल.

मोजणीसाठी जीएलपीआय किंवा ओसीएस इन्व्हेंटरी यांसारखी मुक्त साधने पुरेशी आहेत. प्रत्येक संगणकावर त्यांचा एक लहान प्रोग्राम बसवला की तेथील सॉफ्टवेअरची यादी सर्व्हरकडे, म्हणजे कार्यालयातील मध्यवर्ती संगणकाकडे, येत राहते. आपल्या संगणकतज्ज्ञाने विंडोजमधील ‘विन३२ प्रॉडक्ट’ ही यादी मागवण्याचा सोपा मार्ग सुचवला, तर तो टाळायला सांगा. त्यात विंडोज इन्स्टॉलरने बसवलेलीच सॉफ्टवेअर दिसतात, शिवाय यादी काढताना प्रत्येकाची तपासणी होऊन कधी कधी दुरुस्तीही आपोआप सुरू होते. त्याऐवजी रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील) ‘अनइन्स्टॉल’ नोंदी, ३२ आणि ६४ बिट अशा दोन्ही, वाचाव्यात. विक्री प्रतिनिधींचे लॅपटॉप, यंत्रांना जोडलेले पण नेटवर्कबाहेरचे संगणक आणि वाडीच्या गोदामातील संगणक प्रत्यक्ष जाऊनच पाहावे लागतील. इन्स्टॉल न करता नुसत्या फोल्डरमधून चालणारे प्रोग्राम तर कोणत्याच नोंदीत नसतात, म्हणून त्या त्या विभागप्रमुखाला विचारणे आवश्यक आहे.

तरीही मोजणी हा या कामाचा सोपा भाग आहे. खरे काम आहे परवान्यांशी जुळवणी करण्याचे, आणि लेखा विभागातील माणूस त्यासाठी अधिक योग्य आहे असे मी मानतो. ‘असेंबल केलेला संगणक, एक नग’ एवढेच लिहिलेल्या बिलावरून विंडोजचा परवाना सिद्ध होत नाही. नव्या संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो; ते यंत्र भंगारात गेले की तो दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. सर्वांत जास्त निसटणारी बाब म्हणजे विंडोज सर्व्हरचे प्रवेश-परवाने, ज्यांना व्यवहारात ‘कॅल’ म्हणतात. सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी किंवा प्रत्येक यंत्रासाठी तो घ्यावा लागतो, परंतु तो कोठेही इन्स्टॉल होत नसल्याने संगणकांवरील सॉफ्टवेअरच्या यादीत दिसत नाही. चाळीस जण सर्व्हर वापरत असतील आणि बिल दहांचे असेल, तर तूट तीस परवान्यांची आहे, आणि ती फक्त बिलांची फाइल व कर्मचाऱ्यांची यादी शेजारी ठेवूनच कळते.

फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरकडेही बारकाईने पाहा. दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी वापरली जाणारी टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क वैयक्तिक वापरालाच विनामूल्य आहेत. अनेक प्रोग्राम चालण्यासाठी लागणाऱ्या ऑरेकल कंपनीच्या जावा ८च्या १६ एप्रिल २०१९ आणि त्यानंतरच्या सुधारित आवृत्त्यांना व्यावसायिक वापरासाठी सशुल्क परवाना लागतो. बहुतेक ठिकाणी त्याऐवजी ओपनजेडीके ही जावाची मुक्त आवृत्ती चालते.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ब प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायात झालेला नसेल, तरच न्यायालयाला कैद टाळता येते. कारखान्याला ही सवलत सहसा लागू होणार नाही. त्यामुळे तूट आढळल्यास ती लपवण्यापेक्षा मालकांपुढे लेखी मांडा आणि परवाने घेण्याचा खर्च, तसेच लिबरऑफिससारखा मुक्त पर्याय कोणत्या विभागात चालेल, हे दोन्ही त्याच कागदावर दाखवा. एक विनंती आणखी. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात आणि नंतर ती रद्दीत जातात. कायमस्वरूपी परवान्याचे बिल मात्र सॉफ्टवेअर वापरात असेपर्यंत वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा.

प्रश्न : इतवारीत आमचा छापखाना आहे. जुन्या संगणकावरील मराठी फॉन्टच्या फाइली नव्या संगणकावर उचलून ठेवल्या, तर हरकत आहे का?

उत्तर : फॉन्ट विकत घेतलेला असेल, तर त्याचा परवाना किती संगणकांसाठी आहे हे आधी पाहा. परवाना एकाच संगणकाचा असेल, तर दोन्हीकडे फॉन्ट ठेवणे परवान्याबाहेरचे ठरते. नवीन काम युनिकोडमध्ये करणार असाल, तर मुक्ता, बलू आणि नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतात. ते हव्या तितक्या संगणकांवर ठेवता येतात आणि लग्नपत्रिकेपासून पुस्तकापर्यंत व्यावसायिक छपाईत वापरता येतात. फॉन्टची फाइल तेवढी स्वतंत्रपणे विकता येत नाही.