वाचकांचे प्रश्न: टूथपेस्टने चमकवलेला डॉलर

प्रश्न: अमेरिकेत इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) मला ५ जुने चांदीचे डॉलर मिळाले, तीन १९२१चे, एक १८८९चा, एक १९२२चा. एक अगदी काळा पडला होता तो टूथपेस्टने घासून लखलखीत केला. शंभर वर्षांपूर्वीची नाणी आहेत म्हणजे भरपूर किंमत येईल ना? फोटो पाठवलेत.

उत्तर: आधी ती टूथपेस्ट ठेवून द्या! चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला तो काळपट-जांभळट रंग, ज्याला टोनिंग म्हणतात, तो संग्राहकांना हवा असतो, आणि तुम्ही घासलंत की वर बारीक ओरखडे उठतात ते भिंगातून लगेच दिसतात, मग ग्रेडिंगवाले, म्हणजे नाण्याची अवस्था तपासून दर्जा ठरवणारे, त्यावर 'क्लीन्ड' असा शिक्का मारतात आणि भाव पडतो. झालं ते झालं, बाकीच्या चारांना हात लावू नका, धरायचं तरी कडेने धरा.

आता किंमत. नुसतं जुनं असून काही होत नाही हो. मॉर्गन आणि पीस ही या चांदीच्या डॉलरच्या दोन नमुन्यांची नावं. १९२१चा मॉर्गन डॉलर एकट्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ४ कोटींच्या वर पडला, १९२२चा पीस डॉलर तर ५ कोटींच्या वर, आणि फोटोत तुमची नाणी बरीच झिजलेली दिसतायत, त्यामुळे त्यांचा भाव चांदीच्या भावाच्या आसपासच राहणार. नाणं २६.७३ ग्रॅमचं, त्यात ९० टक्के चांदी, म्हणजे साधारण २४ ग्रॅम, तेवढा हिशोब घरीच करता येतो.

खरी गंमत १८८९मध्ये आहे. मागच्या बाजूला गरुडाखाली जी पानांची माळ आहे तिच्या खाली बारीक अक्षर आहे का बघा, ते टांकसाळीची खूण असते. तुमचा फोटो तिथे नेमका धूसर आलाय. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया, तशी दोन कोटींहून जास्त पाडली होती. 'सीसी' असेल तर नेवाडातली कार्सन सिटी, ती फक्त साडेतीन लाख पाडली होती, मग मात्र मला परत लिहाच.

प्रश्न: ऑनलाइन १८९३चा 'एस' छापाचा मॉर्गन स्वस्तात मिळतोय. विकणारा म्हणतो वजन बरोबर आहे, चुंबकालाही चिकटत नाही. घेऊ का?

उत्तर: अजिबात नाही. 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ, तिने त्या वर्षी फक्त १ लाख नाणी पाडली, आणि पुढे १९१८च्या पिटमन कायद्याने चांदीच्या डॉलरची २७ कोटी नाणी वितळवली त्यात यातले किती गेले कोणी मोजलंय? इतकं दुर्मिळ नाणं स्वस्तात कोण देईल, तुम्हीच सांगा. वजन आणि चुंबकाने पोकळ नकली पकडली जाते, पण इथली लबाडी वेगळी असते, त्याच वर्षाच्या फिलाडेल्फियाच्या खऱ्या नाण्यावर वेगळं 'एस' चिकटवतात, मग चांदी खरी, वजन खरं, फक्त अक्षर खोटं. अस्सल नाण्यावर समोरच्या बाजूला 'लिबर्टी' शब्दातल्या टी अक्षराच्या वरच्या भागात एक बारीक तिरपी उठावदार रेघ असते, ती शोधा. तरी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या ग्रेडिंग कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच घ्या, आणि डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर तपासा कारण हल्ली डब्याही नकली निघतात.

प्रश्न: आज दुर्मिळ असलेलं नाणं पुढे दुर्मिळच राहतं ना?

उत्तर: १९०३चा न्यू ऑर्लिन्सचा मॉर्गन घ्या. मिळतच नाही म्हणून कॅटलॉगमध्ये हजार डॉलरच्या वर भाव लागलेला, आणि १९६२मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या सीलबंद पिशव्या बाहेर आल्या, भाव धाडकन खाली! ज्यांनी आदल्या वर्षी घेतला असेल त्यांचं काय झालं असेल विचार करा.

प्रश्न: १९७२चा आयझेनहॉवर डॉलर चांदीचा असतो का?

उत्तर: रोजच्या वापरातला नाही, तो तांबं-निकेलचा. संग्राहकांसाठी वेगळा काढलेला ४० टक्के चांदीचा, त्यावर 'एस' असतं. कडा बघा, तांबूस पट्टी दिसली तर चांदी नाही.