चेरी श्रिंपची पिल्लं दिसत नाहीत? खाणं नका बदलू, आधी गप्पी आणि मच्छरचं मशीन हलवा

ताई, तुम्ही लिहिलंय की कुर्ल्याहून दहा चेरी श्रिंप (टँकमध्ये पाळतात त्या छोट्या लाल कोळंब्या) आणले, दोन माद्यांच्या पोटाखाली अंडी होती, महिना झाला तरी एक पिल्लू नाही आणि वर मोठे पण अधूनमधून मरतायत, तर खाणं बदलू का. खाण्याला हात लावू नका, प्रॉब्लेम तिथे नाहीच.

पिल्लं झाली असणार आणि त्याच टँकमधल्या गप्पी माशांनी खाल्ली असणार. चेरीची अंडी साधारण तीन-चार आठवड्यात फुटतात आणि त्यातून थेट जेमतेम दोन मिलिमीटरचा श्रिंपच बाहेर येतो, अमानो या दुसऱ्या जातीच्या श्रिंपच्या अळ्यांसारखं याला खारं पाणी लागत नाही, म्हणून तर घरी ब्रीडिंग करायला हा सगळ्यात सोपा. पण गप्पीला तो एक घास. गप्पी दुसरीकडे हलवा, जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड) भरपूर टाका आणि फिल्टरच्या इनटेकला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या तोंडाला, बारीक स्पंज बांधा, नाहीतर उरलेली पिल्लं तिकडे ओढली जातील.

आता मोठे का मरतात. फोटोत टँकच्या शेजारच्याच प्लगला मच्छरचं लिक्विड लावलेलं दिसतंय, ते आजच काढा. त्यात पायरेथ्रॉइड नावाचं कीटकनाशक असतं, ते श्रिंपला अगदी थोडं पण घातक, आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे रात्रभर आपणच ते औषध टँकमध्ये घालत असतो. पावसाळ्यात पालिकेची धुराची गाडी आली किंवा सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असलं की खिडक्या बंद, पंप बंद, टँकवर ओला टॉवेल, आणि वास पूर्ण गेला की लगेच पंप चालू.

दुसरं म्हणजे पाणी. आपलं मुंबईचं तानसा-भातसाचं पाणी मऊ, त्यात खनिजं कमी, आणि श्रिंपला कात टाकून नवीन कवच बनवायला कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. मेलेल्या श्रिंपच्या मानेमागे पांढरी गोल रेघ दिसली का बघा, ती असेल तर कात टाकताना अडकून गेला. जीएच (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप) ६ ते ८ च्या आसपास ठेवा, श्रिंपचं मिनरल मिळतं ते बदलायच्या पाण्यात मिसळायचं. आणि रविवारी अर्धं पाणी बदलता ते बंद करा, एकदम बदल झाला की ते वेळेआधी कात टाकतात आणि मरतात. आठवड्याला दहा टक्के पुरे, क्लोरीन काढलेलं, हळूहळू सोडलेलं. रिकामी कात दिसली तर उचलू नका, श्रिंपच ती खातात. मादीने कात टाकली की नर वेड्यासारखे टँकभर पोहायला लागतात, ते बघून घाबरू नका, मेटिंगची वेळ असते ती.

पिल्लांना खरं खाणं म्हणजे पानांवर, काचेवर धरणारा बुळबुळीत थर. त्यासाठी देशी बदामाचं पान, आपल्याकडे रस्त्याकडेला किती झाडं आहेत, आपोआप गळलेलं वाळकं पान घ्यायचं, फवारणी होते तिथलं नको, उकळून टाकायचं. चारेक दिवसांनी लाइट लावून पानाच्या खालच्या बाजूला बघा, पिल्लं तिथेच चिकटलेली असतात, आरपार दिसतात म्हणून पटकन कळत नाहीत.

मे महिन्यात पाणी ३० च्या वर जातं तेव्हा पाण्यावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन डिग्री उतरतं. आणि निळ्या-पिवळ्या रंगाचे श्रिंप यांच्यात आत्ता नका टाकू, रंग मिसळले की पुढची पिढी मातकट निघते.

फिल्टर कुठला आहे आणि टँक किती लिटरचा ते सांगा, मग स्पंज कुठला बसेल ते बघून सांगतो.