वाचक विचारतात : विभागाचे संशोधन संकेतस्थळावर कसे मांडावे?

प्रश्न : आमच्या विद्यापीठ विभागाच्या संकेतस्थळावरील ‘संशोधन’ या पानाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. सध्या तेथे मान्यवरांची छायाचित्रे, सरकत्या सूचना आणि शोधनिबंधांची एक लांबलचक पीडीएफ यादी आहे. संत्र्यावरील आमचे काम चांगले असूनही ते कोणाच्या नजरेस पडत नाही. काय करावे?
– एक साहाय्यक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : आपले पान संशोधनाविषयी नसून विभागाविषयी आहे, हीच खरी अडचण आहे. काटोलचा बागायतदार असो, परगावचा संशोधक असो किंवा पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणारी विद्यार्थिनी असो, यांपैकी क्वचितच कोणी मुखपृष्ठावरून आत येतो; बहुतेक जण गूगलवर विषय टाकून थेट आतल्या पानावर उतरतात. म्हणून यादी मोडावी आणि प्रत्येक संशोधनाला कधीही न बदलणाऱ्या पत्त्याचे स्वतंत्र पान द्यावे.

त्या पानाची सुरुवात पदनामांनी नव्हे, तर प्रश्नाने आणि निष्कर्षाने व्हावी. समजा, काम संत्र्याच्या कोळशी या रोगावर आहे. काळ्या माशीची पिल्ले पानांतील रस शोषून चिकट द्रव सोडतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते, हे आधी दोन वाक्यांत सांगून आपण नेमके काय तपासले, कोणत्या बागांत तपासले आणि काय हाती लागले, ते साध्या मराठीत लिहावे. शास्त्रीय नावे, पद्धती आणि तक्ते त्याखाली येऊ द्यावेत. ही दोन वाक्ये संशोधकाकडूनच लिहून घ्यावीत. संकेतस्थळ बनवणाऱ्या कंत्राटदारावर ते काम सोपवले, तर ‘अभिनव’ आणि ‘जागतिक दर्जाचे’ यांपलीकडे काही मिळत नाही. शेवटी निबंधाचा डीओआय (त्याचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) आणि लेखकाचा १६ स्थानांचा ऑर्किड क्रमांक (संशोधकाची स्वतंत्र ओळख) द्यावा, म्हणजे एकाच आडनावाच्या दोन संशोधकांची गल्लत होणार नाही. नियतकालिकाने छापलेली प्रत मात्र परस्पर चढवू नये; स्वामित्वहक्काच्या अटी आधी वाचाव्यात.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना समान कळणाऱ्या अक्षरसंकेतातच हवा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला किंवा नुसताच स्कॅन केलेला मजकूर डोळ्यांना दिसला तरी शोधयंत्राला आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तो मराठी म्हणून कळत नाही. आलेखासोबत त्याचा आशय शब्दांतही द्यावा. नागपूर म्हणून नारिंगी अक्षरांचा मोह होतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. परंतु सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांच्या ‘एए’ पातळीनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान ४.५ : १ असावी लागते आणि पांढऱ्यावरची फिकट नारिंगी अक्षरे तेथे नापास होतात. तो रंग पट्टीसाठी ठेवावा. सरकत्या सूचना काढूनच टाकाव्यात.

प्रश्न : आमचे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात आहेत. मग ते विभागाच्या पानावर पुन्हा ठेवावेत का?
– एक ग्रंथपाल, नागपूर

उत्तर : फाइल पुन्हा ठेवू नये. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या या भांडारात प्रत्येक प्रबंधाला स्थिर पत्ता मिळतो. त्याचाच दुवा द्यावा. मात्र तेथे फाइली बहुधा प्रकरणवार असतात, त्यामुळे कोणत्या प्रकरणात काय आहे, याचा मराठी गोषवारा आपल्या पानावर असणे वाचकाच्या सोयीचे ठरते.