नाट्यशास्त्राला प्रवेश घेतलाय, ध्वनिसंयोजन शिकायला सुरुवात कुठून करू?

सॉफ्टवेअरपासून नको, संहितेपासून कर. पुण्याचं ललित कला केंद्र असो की कालिन्याची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, हात बसतो तो तालमीतच. म्हणून पहिल्या वाचनापासून हजर राहा आणि क्यूशीट बनव: कुठल्या वाक्यावर आवाज सुरू, किती सेकंदांत फेड (हळूहळू चढवणं-उतरवणं), कुठे कट (एकदम बंद). नुसतं 'पाऊस' लिहून भागत नाही. पत्र्यावरचा की कौलांवरचा, खिडकी उघडल्यावर किती वाढतो, नटाचं वाक्य आलं की किती उतरतो, हे सगळं ठरवावं लागतं. आणि हा पाऊस सेटवरच्या खिडकीमागे ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून येऊ दे. प्रेक्षागृहातल्या मोठ्या स्पीकरमधून आला, तर त्याचा खिडकीशी संबंधच उरत नाही. मला तरी हीच या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

मिक्सरवर आधी गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, नीट लावायला शीक. बहुतेक कंडेन्सर माइकना ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलवाटे माइकला मिळणारी वीज) लागते, हे लक्षात ठेव. प्रयोगात क्यूप्रमाणे आवाज वाजवायचं सॉफ्टवेअर क्यूलॅब फक्त मॅकवर चालतं. विंडोज असेल तर निदान आवाजाच्या संपादनासाठी रीपर किंवा ऑडॅसिटी घे. कॉलेजच्या एकांकिकेला म्युझिक ऑपरेट करायला कुणीतरी हवंच असतं, तिथे स्वतःहून नाव दे.